रात्री दोन वाजता पोट दुखतंय

माझं काम प्रेझेंटेशन करून देण्याचं. कंपन्यांच्या विक्री-बैठका, संस्थांचे वार्षिक अहवाल, कधी एखाद्या प्रदर्शनातला टचस्क्रीन. पण कुणी कामाबद्दल विचारलं की मी सांगते ते पालघर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं. आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी त्यांना सर्पदंशावरची फाईल करून हवी होती.

केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमकडे आधीची एक फाईल होतीच. साठ-सत्तर स्लाइड, प्रत्येकीवर दहा-बारा ओळी. त्या म्हणाल्या, "यात चुकीचं काहीच नाही. प्रश्न विचारला की सगळ्या जणी बरोबर उत्तर देतात. पण पावसाळ्यात पाड्यावरून पेशंट येतो तो सकाळी सात वाजता, आणि चावलेलं असतं रात्री एक वाजता. मधले सहा तास मला हवेत."

आकडे मी नंतर वाचले. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. हे सगळं एका स्लाइडवर मावलं असतं, पण मॅडमना हवे असलेले सहा तास त्यात कुठेच नव्हते. म्हणून मी आकडे बाजूला ठेवले आणि एक रात्र घेतली.

गोष्ट मण्यारची निवडली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप, त्यात घरात झोपलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात फसवा मण्यार. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चावल्याचं दुखत नाही. सूज येत नाही, खूणही कित्येकदा सापडत नाही. काही वेळाने पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं आणि शेवटी श्वास अडतो. घरच्यांना वाटतं, काहीतरी बाधलं असेल.

आखणी मी कधीच संगणकावर सुरू करत नाही. पाठकोरे कागद चौकोनी फाडले, एकेका चौकोनावर एकेक क्षण लिहिला आणि फरशीवर मांडत गेले. मुलगा उठला. आई दिवा लावते. आजी ओवा शोधते. जिथे कुणाला काही ठरवावं लागतं तिथे लाल टिकली लावली आणि तिथून वाटा फोडल्या. इथे अनेकांचं गणित कोलमडतं. प्रत्येक ठिकाणी तीन पर्याय दिले तर दुसऱ्या पायरीवर नऊ वाटा होतात, तिसरीवर सत्तावीस. म्हणून चुकीच्या वाटा थोडं पुढे नेऊन मुख्य रस्त्याला परत जोडायच्या असतात. मात्र परत येताना माणूस होता तिथेच येता कामा नये. माझ्या प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. ओवा आणि गरम पाणी निवडलं तर पुढच्या स्लाइडवर "चूक" असं लिहून येत नव्हतं. तेच घर, तोच मुलगा, फक्त घड्याळात तीन वाजलेले आणि मुलाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

पॉवरपॉइंटच्या हायपरलिंकला, म्हणजे बटण दाबलं की दुसऱ्या स्लाइडवर नेणाऱ्या जोडणीला, आठवण नसते. आधी काय निवडलं हे ती लक्षात ठेवत नाही. मॅक्रो, म्हणजे फाईलमध्येच भरलेला छोटा प्रोग्रॅम, लिहून ते जमतं, पण दुसऱ्याच्या संगणकावर मॅक्रो बहुतेक वेळा बंद असतात. म्हणून दवाखान्याच्या दाराची स्लाइड मी वेगवेगळ्या वेळांची वेगवेगळी केली: पावणेतीनला पोचलेला मुलगा, साडेचारला पोचलेला मुलगा, सातला पोचलेला मुलगा. काम वाढलं, पण हीच खरी जागा होती. स्लाइड शो किऑस्क मोडवर ठेवला, म्हणजे चुकून कुठेही क्लिक झालं तर पडदा हलत नाही, बटण दाबलं तरच हलतो. आवाज फाईलमध्येच भरले, बाहेरून जोडलेले ठेवले नाहीत. पेन ड्राइव्हवरून फाईल दुसरीकडे गेली की जोडलेले आवाज मागेच राहतात.

एक स्लाइड मला फार जवळची आहे. रक्त गोठतं की नाही हे बघायची साधी चाचणी असते. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. मी दोन नळ्या शेजारी काढल्या. बोट लावलं की नळी कलते. डावीकडच्या नळीत रक्ताचा घट्ट गोळा तळाशी तसाच राहतो, उजवीकडच्या नळीत पाण्यासारखं वाहून काठाशी येतं. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर उजवीकडची नळी दिसू शकते. पण मण्यारचं विष नसांवर काम करतं, म्हणून त्याच्या पेशंटचं रक्त नीट गोठतं आणि नातेवाईक म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, घरी नेतो. त्याच स्लाइडवर मॅडमच्या आवाजात एक वाक्य आहे: "रक्त गोठलं तरी चोवीस तास न्यायचं नाही."

प्रत्येक निर्णयाच्या स्लाइडवर तीन बटणं लिहिलेली होती आणि चौथं मी मुद्दाम कोरं ठेवलं होतं. ते कोऱ्या स्लाइडवर जायचं. वर्गातल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, आणि ते लिहायला जागा हवी, एवढाच विचार होता.

प्रशिक्षणाच्या दिवशी केंद्राच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या. पहिलीच लाल टिकली आली. रात्रीचे दोन, मुलगा पोट धरून बसलाय, अंगावर खूण नाही. पर्याय: ओवा देऊन झोपवा, भगताला बोलवा, 108 ला फोन करा. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "एकशे आठ!" मी बटण दाबणार तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, चौथं दाबा."

मी चौथं दाबलं. पडदा कोरा झाला.

त्या बाई उभ्या राहिल्या. "एकशे आठ मी म्हणेन. पण त्या घरात माझं कोण ऐकतंय? म्हातारा म्हणणार, आधी भगत. भगत येईस्तोवर पोराला कुणी उचलू देत नाही. भगत आणि गाडी यांतलं एक निवडायला सांगितलं की घर भगताच्या बाजूने जातं. तर भगतालाच गाडीत बसवायचं. त्याला काय मंत्र म्हणायचा तो गाडीत म्हणू दे."

हॉलमध्ये कुजबूज झाली, मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. एकीच्या पाड्यावरचा भगत स्वतःच सांगतो, आधी दवाखान्यात न्या. दुसरीकडे रेंजच नाही, टेकडीवरच्या आंब्याखाली जावं लागतं, रात्री कोण जाणार? तिसरी म्हणाली, गाडी यायला तास लागतो, मोटरसायकल दारात असते. तोपर्यंत मॅडम मागे खुर्चीवर होत्या, त्या पुढे आल्या. मोटरसायकलवर पेशंटला मध्ये बसवून मागे एकाने घट्ट धरायचं, हे चालेल, म्हणाल्या. आणि भगताबद्दल त्यांनी तिथल्या तिथे अटी सांगितल्या: दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, तोंडातून काही द्यायचं नाही, आणि गाडी वाटेत थांबणार नाही.

चहाच्या सुट्टीत मी लॅपटॉप घेऊन बसले. कोऱ्या स्लाइडवर घराचंच चित्र घेतलं, दारात गाडी उभी केली, घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं केली. त्या बाईंना बाहेर व्हरांड्यात नेऊन त्यांचं वाक्य फोनवर रेकॉर्ड केलं. पहिल्या वेळी त्या पुस्तकी बोलल्या. मी म्हटलं, सासऱ्याला सांगताय असं बोला. मग त्या जे बोलल्या तेच फाईलमध्ये आहे: "बाबा, भगताला पण घ्या, पण आता निघा." मागे कोंबडा ओरडतोय, तो मी काढला नाही.

सुट्टीनंतर तीच गोष्ट पुन्हा चालवली. या वेळी कुणी एका सुरात बोललं नाही. प्रत्येक टिकलीवर भांडण झालं, चांगलं भांडण. गाडी कोणाची, फोन कोण करणार, लहान भावंडं कोणाकडे ठेवायची. घड्याळ पुढे सरकलं की हॉलमध्ये "अगं बाई" उमटायचं. एक तरुण मुलगी रडली. तिच्या पाड्यावर मागच्या श्रावणात एक पोर गेलं होतं, पोटदुखी म्हणूनच. वर्ग थांबला, बायकांनी तिला पाणी दिलं, आणि तिनेच पुढचं बटण दाबायला सांगितलं.

लोक इंटरॅक्टिव्ह म्हणजे फिरणारी अक्षरं, उडणारे बाण, टाळ्यांचा आवाज असं समजून माझ्याकडे येतात. ते सगळं करून देता येतं, तासाभरात होतं. माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीसाठी असतो: समोरच्याने काही ठरवलं तर पडद्यावर काहीतरी खरोखर बदललं पाहिजे, आणि त्याला जे म्हणायचंय ते पर्यायांत नसेल तर ते म्हणायला जागा पाहिजे. त्या दिवसापासून प्रत्येक फाईलमध्ये मी कोरं बटण ठेवते, आणि गिऱ्हाईक काढून टाका म्हणालं तर वाद घालते.

ती फाईल मी केंद्राला कुलूप न लावता दिली. मॅडमना आणि तिथल्या एका आरोग्यसेविकेला स्लाइडची प्रत काढून घड्याळ कसं बदलायचं, आवाज कसा भरायचा, बटण कसं जोडायचं हे शिकवलं. आता त्यांना विंचवाची हवी आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला त्याला चार दशकं होत आली, तरी पाड्यावरून पेशंट उशिराच येतो. या वेळी चौकोन मी एकटीने मांडायचे नाहीत, असं ठरलंय. पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये, त्याच सतरंजीवर, आशाताई मांडणार आहेत.