तीन फर्म, एक किल्ली

२०२२ च्या एप्रिलचा शेवट. इंडोनेशिया पामतेलाची निर्यात बंद करणार अशी बातमी आली आणि बंदी लागू व्हायच्या आधीच आमच्या बेळगावच्या रविवार पेठेत भाव हलले. मी तेव्हा अन्न खात्यात इन्स्पेक्टर होतो. १ एप्रिलपासून खाद्यतेलाच्या साठ्यावरची केंद्राची स्टॉकमर्यादा कर्नाटकालाही लागू झालेली, किरकोळला ३० क्विंटल, होलसेलला ५००. लोकांना वाटतं आम्ही भाव ठरवतो, तसं नसतं, माल कोण दाबून बसलाय एवढंच आम्ही बघतो.

५०० क्विंटल म्हणजे १५ किलोचे ३३३३ डबे. पण गोदामात १५ लिटरचेही डबे असतात, त्यात तेल बसतं साधारण १३.६५ किलो, आणि लांबून बघितलं तर दोन्ही सारखेच. म्हणून प्रत्येक थप्पीवरचा छाप वाचायचा, हमालाला वर चढवून मधे पोकळी आहे का बघायचं, वाजवून रिकामे डबे वेगळे काढायचे. आमच्यातले काहीजण दारात खुर्ची टाकून रजिस्टरचाच आकडा उतरवून घेतात, ही मोजणी नव्हेच.

त्या दिवशी एका होलसेलवाल्याच्या गोदामात दुपारपर्यंत मोजलेला माल साडेसातशे क्विंटलच्या पुढं गेला. पंचनामा लिहायला घेतला तर मालक तीन फाइली घेऊन हजर. तीन भाऊ, तीन फर्म, तीन जीएसटी नंबर. "साहेब, थोरल्याचं वेगळं, मधल्याचं वेगळं, माझं वेगळं. पोर्टलवर पण वेगळंच भरलंय की, बघा." साठा जाहीर करायच्या सरकारी पोर्टलवर खरंच तसं भरलं होतं, आणि प्रत्येकजण मर्यादेच्या आत. किल्ली मात्र एकच, हमाल तेच, थप्प्यांमधे खडूची रेघसुद्धा नाही. यातला थोरल्याचा माल कुठला म्हणून दिवाणजीला विचारलं तर त्याला दाखवता येईना.

संध्याकाळी वजनमापवाल्यांबरोबर वडगावात गेलो, तिथं एका किराणावाल्यानं पाऊचवर जादा एमआरपीचं स्टिकर चिकटवलेलं. स्टिकर लावून एमआरपी कमी करता येते, वाढवता येत नाही, त्यामुळं केस झाली आणि ती बरोबरच होती. पण दिवसभरात केस झाली ती तेवढीच, याचा मला अजून राग येतो.

किल्ली, हमाल, खडूची रेघ सगळं रिपोर्टात लिहिलं, एका गोदामातला एका घराचा माल एकत्र धरावा असंही लिहिलं. वरून उत्तर आलं, फर्मनिहाय मर्यादा ओलांडलेली नाही. पुढं १ नोव्हेंबरला केंद्रानं होलसेलवरची मर्यादाच काढून टाकली. त्या गोदामातले डबे तोवर कधीच, मे महिन्याच्या लग्नसराईत, चढ्या भावानं विकून झाले होते.