एकही ठेवीदार भांडला नाही, म्हणून शंका आली

पतसंस्थेच्या ऑडिटमध्ये मला धाक वाटतो तो चोख जुळलेल्या हिशेबाचा. मी लातूरला सीए म्हणून प्रॅक्टिस करतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण उरकायचं असतं, त्यामुळं उन्हाळाभर आमच्याकडं पतसंस्थांचीच दप्तरं. ज्या संस्थेबद्दल सांगतोय तिचं नाव-गाव देणार नाही. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची जमा-नावे यादी, जुळलेली. ठेवींच्या याद्या खतावणीशी, म्हणजे खात्यांच्या मूळ वहीशी, पैशापैशानं जुळलेल्या. ठेवीदारांची शिल्लक मान्य असल्याची पत्रं तर सह्यांसकट गठ्ठा बांधून टेबलावर हजर. तक्रार एकाचीही नाही.

तेच खटकलं. का खटकलं ते सांगायचं तर आधी औशाकडच्या बचत गटांत जावं लागेल.

तिथं मी काही वर्षं जमेल त्या रविवारी दप्तर लिहायला शिकवायला जातो. फुकट. या भागात बायकांनी एकत्र येऊन कामं अंगावर घेणं नवं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढं आल्या होत्या. नंतर गट वाढले, ‘उमेद’ हे बचत गटांसाठीचं सरकारी अभियान आलं, गटानं पाळायच्या दहा नियमांची दशसूत्री आली. आमच्यातले काही जण म्हणतात, समाजकार्य करावं, ओळखी वाढतात, ओळखीतून कामं येतात. माझ्याकडं तरी आली नाहीत. महिन्याला शंभर रुपये बचत करणारा गट सीएला काय काम देणार!

पण बैठक बघण्यासारखी असते. सगळ्या गोल करून बसतात. सचिव एकेकीचं नाव घेऊन बचत, कर्ज, व्याज मोठ्यानं वाचते, पैसे सगळ्यांदेखत मोजले जातात. आणि वाद होतो. एकदा एका मावशींच्या नावावर तेराशे बाकी वाचली गेली. मावशींना अक्षरओळख नाही. त्या ताडकन म्हणाल्या, “तेराशे कशाचे? अकराशे. पंचमीच्या आधल्या बैठकीत शंभराच्या दोन नोटा तुझ्याच हातात ठिवल्या की. ही शेजारी बसली होती, इचारा तिला.” मागची पानं उलटली. दोनशे रुपये दुसऱ्याच बाईच्या नावापुढं चढले होते, दोघींचं आडनाव एकच. गटाची एकूण बेरीज मात्र बरोबर येत होती. बेरजेवरून ही चूक जन्मात सापडली नसती. ती सापडली, कारण जिचा पैसा तिच्यासमोर आकडा वाचला गेला.

आता पतसंस्थेकडं. भाजीवाल्या, हमाल, रसवंतीवाले, चहाचे गाडे असले ठेवीदार, आणि वर्षभरात वीस रुपयांवरूनसुद्धा कुणी हुज्जत घातली नाही? पत्रं कुणी वाटली म्हणून विचारलं. संस्थेच्याच शिपायानं वाटली होती आणि सह्याही त्यानंच आणल्या होत्या. आमच्या ऑडिटिंग स्टँडर्ड 505 प्रमाणं ही पत्रं पाठवणं आणि परत घेणं ऑडिटरच्या ताब्यात हवं. मॅनेजर म्हणाले, “साहेब, दरसाल असंच असतंय.” मी यादी मागितली, नावं माझी मी निवडली आणि आर्टिकलच्या पोराला, म्हणजे माझ्याकडं सीएची उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याला, घेऊन भर दुपारी बाजारात गेलो.

तिथं शिल्लक-खात्री वगैरे भाषा चालत नाही. गटातल्यासारखं सरळ वाचत गेलो. तुमची ठेव इतकी, पिग्मी म्हणजे रोजची बचत इतकी, ठेवीवर कर्ज इतकं, बरोबर आहे का? मेथीच्या जुड्या लावत बसलेली बाई थांबली. “कर्ज? कसलं कर्ज वो साहेब? लेकीच्या लग्नाला ठिवलंय ते.” तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून कॅरीबॅग, कॅरीबॅगेतून चौघडी घातलेली ठेव पावती. मूळ पावती. ठेवीवर कर्ज दिलं की ही पावती मागं सही घेऊन संस्थेच्या तिजोरीत राहायला पाहिजे. ती इथं मेथीशेजारी होती. पोरानं मोबाईलवर फोटो काढला, तेव्हा त्याचा हात थरथरत होता.

संध्याकाळपर्यंत अशा आणखी पावत्या निघाल्या. पद्धत साधी होती. कर्ज ठेवीदाराच्या नावावर टाकायचं, रक्कम भलत्याच खात्यात वळवायची. ठेवीदार पैसे मागायला आला की त्याचं कर्ज भरलेलं दाखवायचं आणि दुसऱ्या कुणाच्या नावावर नवं उभं करायचं. दारात आलेल्याला पैसे मिळत होते, म्हणून ओरड नव्हती.

बाईनं शेवटी विचारलं, “बुडत तर न्हाई ना?” बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. हे तिला तोंडावर सांगणं मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जड गेलं. सांगितलं.

पुढं सहकार कायद्याच्या कलम 81 खाली विशेष अहवाल सहकारी संस्थांच्या निबंधकांकडं गेला, चौकशी लागली. मधे चेअरमनचा फोन आला होता, “ऑडिटरनं बाजारात हिंडायचं असतं का?”

आर्टिकलची पोरं आता रविवारी माझ्याबरोबर गटात येतात. व्हाउचिंग, म्हणजे नोंदी पावत्यांशी ताडून बघणं, ऑफिसात शिकवता येतं, समोरच्या बाईला तिचीच बाकी समजेल असं वाचून दाखवणं तिथंच शिकावं लागतं. पहिल्या बैठकीत बायका त्यांची चांगलीच उलटतपासणी घेतात.

आणि नवी पतसंस्था आली की नेमणूक स्वीकारण्याआधीच मी सांगून टाकतो, ठेवीदार मी निवडणार आणि भेटायलाही मीच जाणार. काहींनी त्यानंतर परत फोन केलेला नाही.