नागद्वारला निघालात? ते अठराशेचं किट घेऊ नका, इतवारीत जा

आधी निकाल सांगतो. नागपंचमीच्या यात्रेला नेणारे काही जीपवाले आता भाड्याच्या जोडीला ‘सर्व्हायव्हल किट’ नावाची एक थैली गळ्यात मारतात. ती घेऊ नका. आमच्याकडे तिचे १,८०० रुपये मागितले, वर ‘घेतल्याशिवाय पावसात नेणार नाही’ अशी अट घातली. मी भांडलो, थैली घेतली नाही, आणि ऑफिस सुटल्यावर नागपूरचे इतवारी, गांधीबाग, सक्करदरा हे बाजार पालथे घालून साधारण १,२५० रुपयांत सामान जमवलं. यात्रेच्या वाटेवर काजरीच्या उतारावर रात्र काढायची वेळ आली तेव्हा हे सामान कामी आलं. ज्यांनी थैली घेतली त्यांच्या थैलीतलं जवळपास काहीच आलं नाही.

नागद्वार कुठे, कसं, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. तरी नवख्यांसाठी: पचमढीच्या पलीकडचं हे जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतं आणि वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आसपासचे थोडे दिवस, यात्रेसाठी उघडतं. जलगलीहून पायी सुरुवात होते. दिवसभर चढउतार करण्याची पायांना सवय आहे, घट्ट बसणारे बूट आणि पाठीवर धड सॅक आहे, हे मी गृहीत धरतो. नसेल तर यंदा जाऊ नका.

त्या थैलीत काय होतं ते ऐका. चकमक, तारेची करवत, मनगटात घालायचा दोरीचा पट्टा, बटणाएवढं होकायंत्र, चंदेरी पन्नीचं ब्लँकेट आणि सापाचं विष ओढायची पिचकारी. चकमक आणि करवत व्याघ्र प्रकल्पात न्यायचीच कशाला? तिथे आग लावणं आणि लाकूड तोडणं हा गुन्हा आहे, आणि श्रावणातल्या पावसात ओलं लाकूड पेटतही नाही. आमच्या जीपमधल्या तिघांची होकायंत्रं एकाच दगडावर शेजारी शेजारी ठेवली, तर तिन्ही सुयांची तोंडं तीन दिशांना. पिचकारीचं तर नावच काढू नका. चावल्यावर विष तसं ओढून निघत नाही, उलट जखम चिघळते आणि दवाखान्यात पोचायचा वेळ वाया जातो. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते, आणि खरा उपाय तेवढाच. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचा नाही, ब्लेड लावायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन लावा. हा क्रमांक मध्य प्रदेशातही चालतो. दरीत मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, म्हणून धावू शकणारा माणूस आधी पुढे पाठवा.

आता खरेदी. सगळ्यात महत्त्वाची ताडपत्री. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ‘कॅम्पिंग’ असं छापलेली सहा बाय नऊची शीट ६५० रुपयांना सांगितली. तीच मापं इतवारीत शेतकऱ्यांना ताडपत्री विकणाऱ्यांकडे २१० ला मिळाली. पण तिथेही डोळे उघडे ठेवा. ताडपत्रीची जात जीएसएमवर ठरते, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. सहा बाय नऊ म्हणजे ५४ चौरस फूट, जवळपास पाच चौरस मीटर. १२० जीएसएमची असेल तर ती साधारण ६०० ग्रॅम भरलीच पाहिजे. दुकानदार काका म्हणाले, “एकशेवीसचीच हाय भाऊ, डोळे झाकून न्या.” म्हटलं, “काट्यावर ठेवा ना काका.” काटा ४०० वर थांबला, म्हणजे माल ८० चा. काका काही बोलले नाहीत. मागे गेले, दुसरी घडी आणून काट्यावर टाकली. ती ५९० भरली. मग त्यांनीच विचारलं, “पावसात जाऊन राहिले का? मंग हेच न्या. थे पह्यलेवाली भुईमूग झाकाची हाय.” भांडण नाही, आवाज नाही, फक्त काटा. ताडपत्री घेताना एवढं एक करा, बाकी घासाघीस नाही केली तरी चालेल.

दोरी लोहाओळीत, चार मिलिमीटरची नायलॉनची, दहा मीटर ६० रुपयांना. टोकं तिथल्या तिथे मेणबत्तीवर वितळवून घ्या, नाहीतर उसवते. तिथेच ४० रुपयांची छोटी सुरी.

टॉर्चमध्ये पैसे वाचवू नका. बर्डीच्या फुटपाथवरचे शंभर-सव्वाशेचे हेडलॅम्प पहिल्या सरीत गेलेले मी पाहिले. रात्री वीज येते तेव्हा शेताला पाणी देणारे आपले शेतकरी जी डोक्याला बांधायची टॉर्च वापरतात ती घ्या. मला ३५० ला पडली. चिखल, पाणी आणि अंधार यांच्यासाठीच ती बनलेली असते, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पूर्ण चार्ज करून न्या. मंद प्रकाशाचं बटण असलेलीच मागा.

कपड्यांसाठी सक्करदऱ्याचा बुधवार बाजार. जुन्या कपड्यांच्या ढिगातून ८० रुपयांत लोकरीमिश्रित स्वेटर आणि १७० मध्ये पॉलिस्टरची ट्रॅकपँट व फुटबॉलची जर्सी. सुती बनियन, जीन्स घरी ठेवा. सुती कापड भिजलं की पाणी धरून बसतं आणि अंगाची ऊब ओढत राहतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे बर्फ नसतानाही, नुसत्या वाऱ्यात आणि ओल्या अंगाने, माणूस गारठून आजारी पडतो. नागपूरकराला हे पटत नाही, कारण आपली सगळी धास्ती उन्हाची.

सॅकच्या आत घालायला जाड पन्नीची मोठी पिशवी, किलोवर मिळते, ५० रुपये. सॅकचं बाहेरचं कव्हर कुचकामी, पाणी पाठीकडून उतरतं. सगळं सामान या पिशवीत आणि तोंडाला पीळ देऊन गाठ. शिट्टी ३० ची, आत गोळी नसलेली, कारण गोळीची शिट्टी ओली झाली की अडकते. अडचणीत मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने तीनदा वाजवून उत्तर द्यायचं. ग्रुपमधल्या सगळ्यांना निघण्याआधी हे पाठ करायला लावा. औषधांत क्रेप बँडेज, गॉज, आयोडीनचं मलम, चिकटपट्टी आणि ओआरएस मिळून २२० झाले. ओआरएसची पाकिटं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, तिथून घेतली तर आणखी वाचतील. मात्र पुडीतलंच, एक लिटर पाण्यात अख्खी पुडी. खोक्यात मिळणारी गोड पेयं त्या नावाखाली वर्षानुवर्षं खपली, अखेर २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तसं नाव लावायला मनाई केली. क्लोरीनच्या गोळ्या ३० च्या. पाणी गढूळ असेल तर आधी जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळा, मग गोळी टाका आणि अर्धा तास हात लावू नका. साडीने गाळणं म्हणजे आजीबाईचा बटवा समजू नका. बांगलादेशातल्या खेड्यांत हे मोजून पाहिलंय, २००३ साली छापून आलं, आणि तिथे कॉलरा जवळपास निम्म्यावर आला होता.

सेफ्टी पिना दहा रुपयांच्या. झालं सामान. ताडपत्री धरून सगळं तीन किलोच्या आत बसतं.

आता तो उतार.

सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा अडीचशे किलोमीटरचा रस्ता, त्याबद्दल तक्रार नाही. जलगलीपासूनची पहिली चालही ठीक. काजरीकडे उतरायला लागलो आणि पावसाने धरलं. तांबडी माती, तिच्यावर हजारो पाय पडून गेलेले, त्यामुळे दगडसुद्धा चिखलाने मढलेले. टाच टेकवली की पाय गेलाच. उताराला आडवं वळून, पायाची कड मातीत रोवत उतरायचं, आणि पुढच्या माणसाच्या बरोबर मागे कधीच राहायचं नाही. तो घसरला तर तुम्हालाही घेऊन जातो. काठी हवीच, पण ती घरून न्या. वाटेत एकेका काठीचे शंभर रुपये मागत होते.

खाली नाल्याला पाणी आलं म्हणून पोलिसांनी रांग अडवली. उजेड असताना थांबलेली रांग पहाटे सुटली. मधली सगळी रात्र त्या उतारावर, बसायला सपाट जागा नाही, मागून लोक येतच आहेत, आणि ‘हर बोला हर हर महादेव’चा आवाज हळूहळू बसत गेलेला.

ताडपत्री दोन झाडांमध्ये कंबरेएवढ्या उंचीवर बांधली, वाऱ्याकडची बाजू थेट जमिनीपर्यंत. उंच बांधायचा मोह होतो, बांधू नका, पाऊस आडवा येतो. एक कडी फाटली. अशा वेळी कोपऱ्यात सुपारीएवढा खडा ठेवायचा, ताडपत्री त्याच्याभोवती गुंडाळायची आणि त्या गाठोड्याच्या मानेला दोरी बांधायची. कडीपेक्षा हे जास्त टिकतं. आणि सुरगाठच मारा. भिजलेल्या नायलॉनची निरगाठ गारठलेल्या बोटांनी सुटत नाही, सकाळी कापावी लागते.

दुसऱ्या पोह्यातल्या, म्हणजे यात्रेकरूंच्या दुसऱ्या जथ्यातल्या, एक मावशी आमच्या आडोशाला आल्या. आधी चांगल्याच थरथरत होत्या. मग थरथर थांबली आणि त्या गप्प गप्प झाल्या. विचारलं तर म्हणाल्या, “मले काही नाही झालं, बाप्पा.” पण पदराची पिन काढता येईना. बोटं पिनेवरून नुसती सरकत होती. थरथर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, तिथूनच धोका सुरू होतो. सोबतच्या बायकांनी दुपट्टे धरले, ओलं लुगडं उतरवलं, माझा कोरडा स्वेटर आणि ट्रॅकपँट चढवली, डोक्याला कोरडं फडकं बांधलं. खाली रिकामी सॅक आणि चुंगडी (पोती) घातली, कारण जमीन सगळ्यात जास्त ऊब खाते. वरून ती मोठी पन्नी मानेपर्यंत, तोंड मोकळं. दोन्ही बाजूंनी बायका चिकटून बसल्या. कोणाच्या तरी थर्मासमधला गोड चहा घोट घोट दिला. हातपाय चोळायला एक जण सरसावला, त्याला थांबवलं. अशा वेळी चोळायचं नाही, दारू तर अजिबात पाजायची नाही. तासाभराने मावशी पुन्हा थरथरायला लागल्या, आणि मला त्या रात्री पहिल्यांदा बरं वाटलं. त्याच वेळी वरच्या बाजूला एकाने अठराशेच्या थैलीतलं चंदेरी ब्लँकेट उघडलं. घडीवरच फाटलं, आणि उरलेलं वाऱ्याने झाडावर नेलं. जाड मिळालं तर ते वाईट नसतं, पण हे चॉकलेटच्या कागदाइतकं होतं.

म्हणून एक कोरडा जोड शेवटपर्यंत उघडायचा नाही. चालताना भिजा, कितीही भिजा, पण तो जोड थांबल्यावरच. आणि रात्री जमिनीवर पाठ टेकू नका. मण्यार रात्रीच फिरते, झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही.

वाटेवरच्या भावांचा हिशेब एवढाच: इतवारीत ४० ला मिळणारा पातळ रेनकोट जलगलीला १५० ला, पावसात २०० ला, आणि काखेत दुपारपर्यंत फाटतो. घेऊ नका. जेवणाचे पैसे नेऊ नका म्हटलं तरी चालेल. पद्मशेषच्या गुहेपाशी आपल्याकडची सेवा मंडळं भंडारा चालवतात, पोटभर देतात, आणि त्यांच्यासमोर माझा सगळा राग उतरला. दर्शन झालं, परत आलो, पचमढीत नंतर आराम केला.

जीप ठरवताना पहिला प्रश्न विचारा: किट सक्तीचं आहे का? हो म्हणाला तर एमपी बस स्टँडवरून छिंदवाड्याची गाडी धरा, पुढे पचमढीची मिळते. आणि ताडपत्री मृग लागायच्या आधीच घेऊन ठेवा. पेरणीच्या दिवसांत इतवारीत भाव चढतो, आणि चांगला माल गावाकडचे लोक आधीच उचलून नेतात.