फोनवर ब्योमकेश पोचवताना: माझा अनुभव

दूरदर्शनवर १९९३ साली लागलेली बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' ही गुप्तहेराची मालिका तेव्हाच व्हीएचएस कॅसेटींवर रेकॉर्ड करून ठेवलेली होती. कॅसेटी डिजिटल करून घेतल्या, फाइली लॅपटॉपवर आल्या. इथवर सांगण्यासारखं काही नाही. त्या फाइली घरातल्या फोनांवर आणि टॅबवर आपोआप जाव्यात, एवढंच काम उरलं होतं. घोळ झाला तो तिथे.

एकदाच कॉपी करायची असेल तर केबल पुरे. मात्र इंदूरच्या जेल रोडवर घेताना 'डेटावाली केबल' असं स्पष्ट मागा. नुसती चार्जिंगची मिळाली तर फोन चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही. माझ्या फाइलींचं कापणं, नावं सुधारणं चालूच असल्यामुळे मी सिंकथिंग हे यंत्रायंत्रांतले फोल्डर आपोआप सारखे ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. लॅपटॉपवर एक फोल्डर, तोच फोनवर, आणि फाइली कुणाच्या क्लाउडवर साठत नाहीत. अँड्रॉइडचं मूळ अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस बंद झालंय, त्यामुळे आता 'सिंकथिंग-फोर्क' घ्यायचं. क्यूआर स्कॅन करून दोन्ही यंत्रांची ओळख करून दिली की जोडणी झाली.

आता खरी रड. फोन जोडलेला दिसायचा, पण जोडणीच्या प्रकारात 'रिले' लिहिलेलं. म्हणजे दोन यंत्रं एकाच खोलीत, पण एकमेकांपर्यंत थेट पोचू न शकल्यामुळे डेटा कुलूपबंद होऊन इंटरनेटवरच्या तिसऱ्याच सर्व्हरवरून फिरून येतोय. तीनशे एमबीचा भाग रखडत रखडत यायचा. इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला की ठरलेलं उत्तर: "सर, नेट तो चल रहा है ना?" अहो, चालतंय! तक्रार नेटची नाहीच, घरातल्या घरात लॅपटॉपला फोन दिसत नाही ही आहे. पण असा पर्याय त्यांच्या यादीत नसावा. "राउटर बंद करके चालू कीजिए." केला. पुन्हा केला. तंत्रज्ञ आला, त्यानं स्पीड टेस्ट दाखवली आणि सही घेऊन गेला.

मग संशयित एकेक करून वगळले, सत्यान्वेषी ब्योमकेशच्याच पद्धतीनं. पहिला संशय विंडोजच्या फायरवॉलवर. वाय-फायचं प्रोफाइल 'पब्लिक' असेल तर बाहेरून आलेली जोडणी अडू शकते. ते 'प्रायव्हेट' केलं, फरक शून्य. दुसरा संशय गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर. फोन चुकून त्यावर असेल तर तो घरच्या यंत्रांना दिसत नाही. तेही नव्हतं, दोघांचे आयपी पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत होते. पण लॅपटॉपवरून राउटरला पिंग (पोच तपासणारा छोटा संदेश) जायचा आणि फोनला केला की 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', म्हणजे तिथवर पोचताच येत नाही. धागा सापडला तो लॅन केबलमुळे. लॅपटॉपला केबल लावली की फोन थेट जोडला जायचा, वाय-फायवर घेतला की पुन्हा रिले. पक्का पुरावा हवा म्हणून फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर घेतला. राउटर मधून बाजूला झाला आणि 'टीसीपी लॅन', म्हणजे थेट जोडणी, झळकलं.

गुन्हेगार होता 'एपी आयसोलेशन'. ही सेटिंग चालू असेल तर वाय-फायवरच्या यंत्रांना इंटरनेट मिळतं, पण एकमेकांशी बोलता येत नाही. हॉटेल-हॉस्टेलात ती हवीच, रामबागेतल्या घरात कशाला? आणि राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कंपनीकडे! तुमच्यावर हीच वेळ आली तर 'नेट स्लो है' म्हणू नका. सरळ म्हणा, "एपी आयसोलेशन बंद करवाना है." काही राउटरांत तेच 'क्लायंट आयसोलेशन' किंवा 'वायरलेस आयसोलेशन' नावानं असतं. समोरच्याला कळलं नाही तर वरच्या टीमकडे द्यायला सांगा, ते त्यांच्या जागेवरूनच बंद करू शकतात. माझं तसंच झालं, आणि मग पाच मिनिटांचंही काम नव्हतं. दाद लागत नसेल तर लॅपटॉप लॅन केबलवर ठेवा.

त्यानंतर स्क्रीन बंद झाली की सिंक थांबायचं, पण तो फोनच्या बॅटरी-बचतीचा प्रताप. अ‍ॅपची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, फोनमध्ये ऑटोस्टार्टची परवानगी असेल तर तीही द्या. फोल्डर फोनच्या आतल्या मेमरीतच ठेवा. एसडी कार्डावर काही फोनांत या अ‍ॅपला मोकळेपणानं लिहिता येत नाही.

हो, फाइलींचं राहिलंच. कॅसेटीचं चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत मोडलेलं असतं, हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फास्ट ५७६पी२५' प्रीसेट घ्या आणि डीइंटरलेसला 'यॅडिफ' किंवा 'डीकॉम्ब' लावा. पंचवीस मिनिटांचा भाग साधारण दीड एमबीपीएसला तीनशे एमबीच्या आसपास बसतो. हे सिंकच्या आधी करा, कारण नुसतं नाव बदललं तर सिंकथिंग फाइल पुन्हा पाठवत नाही, एन्कोडिंग बदललं तर पूर्ण पाठवतं.

नावं ०१, ०२ अशी द्या. नुसतं १, २ दिलं तर काही प्लेयरांत १ नंतर १० येतो, आणि दोन भागांत पसरलेल्या कथेचा शेवट आधी बघून होतो. त्याहून वाईट म्हणजे गॅलरी. ती व्हिडिओतलं कुठलंही चित्र थंबनेल म्हणून लावते, आणि मी कापलेल्या एका तुकड्यावर थेट खुन्याचाच चेहरा आला. फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणारी 'नोमीडिया' (.nomedia) नावाची रिकामी फाइल टाका, मग गॅलरी तिकडे बघत नाही. व्हीएलसी प्लेयरमध्ये तो फोल्डर 'ब्राउज'मधून उघडायचा.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी आठवलं. लॅपटॉपवर फोल्डर 'सेंड ओन्ली' आणि फोनवर 'रिसीव्ह ओन्ली' ठेवा. दोन्हीकडे 'सेंड अँड रिसीव्ह' असेल तर जागा करायला फोनवरून उडवलेला भाग लॅपटॉपवरूनही उडतो. रिसीव्ह ओन्लीत फोनवरून उडवल्यावर 'रिव्हर्ट लोकल चेंजेस'चं बटण दिसेल, ते दाबू नका. दाबलंत की उडवलेले सगळे भाग परत उतरायला लागतात.