आमची वाटचाल : त्या उजव्या इंजिनाची खरी गोष्ट

बाबांनी 1991 ला अलिबागच्या कोळीवाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केलं, तेव्हा सगळी मच्छीमार बोटींचीच इंजिनं दुरुस्तीला यायची. मी 2003 पासून त्यांच्या हाताखाली. पुढची आठ-नऊ वर्षं देवाच्या दयेनं चांगली गेली. मला सांगायचंय ते 2012 च्या सीझनचं, कारण धक्क्यावर आजही काही लोक म्हणतात की ते इंजिन आम्ही बिघडवलं.

बोट होती मांडवा-गेटवे भाडं मारणारी, आत दोन डिझेल इंजिनं, दोघांना आपापली टाकी. डावं इंजिन 2400 आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) दगडासारखं स्थिर, आणि उजवं 2400 वरून 1900 ला उतरायचं, परत चढायचं, परत उतरायचं, त्यामुळे बोट एका अंगाला ओढायची आणि सुकाणू सारखं दाबून धरायला लागायचं. आम्ही फिल्टर बदलले, डिझेल फवारणारे नोझल टेस्ट केले, डिझेलचा पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे मापात बसवून घ्यायला पाठवला. सकाळी ट्रायल एकदम ओके, दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा पंप उतरवला, तरी तेच.

तेवढ्यात जवळच एक नवीन वर्कशॉप निघालं होतं. त्यांनी मालकाच्या डोक्यात भरवलं की पंपाची वाट ह्यांनीच लावली, नवीनच टाका. मालकानं आमचं बिल अडवलं, बोट तिकडे नेली, आणि त्याचं बघून अजून तीन बोटी गेल्या. भर सीझनमध्ये शेड रिकामी. दोन पोरांचा पगार द्यायला बाबांनी लेथ मशीन विकायला काढला, गिऱ्हाईक येऊन बघून पण गेलं.

त्या दिवसांत फक्त थळचे एक तांडेल (बोटीचे कप्तान) काका येत राहिले, बाबांचं पहिलं गिऱ्हाईक. मी रडगाणं गायलो तर ते एवढंच म्हणाले, "पोरा, सकाळीच कसं चांगलं चालतं? सकाळी काय वेगळं असतं?"

सकाळी टाकी फुल असते.

रात्रभर झोप नाही. चार दिवसांनी मालकाचाच फोन आला, नवीन पंप टाकूनही इंजिन तसंच घुटमळत होतं. मी गेलो ते बाबांचा हातभर पारदर्शक पाइप आणि दोन क्लिपा घेऊन. आधी दोन्ही इंजिनांचे डिझेलचे पाइप उलटसुलट जोडले, उजव्या टाकीचं डिझेल डाव्याला. टाकी अर्ध्याखाली होती. रेस दिली तर आता डावं घुटमळायला लागलं आणि उजवं स्थिर! मग लाइनमध्ये पारदर्शक पाइप लावला, तर बुडबुड्यांची माळच्या माळ चाललेली. टाकीतला सक्शन पाइप, म्हणजे डिझेल वर ओढणारा, बाहेर काढला, मधोमध ब्रॅकेटला घासून टाचणीएवढं भोक. डिझेल त्याच्या वर असेपर्यंत भोकातून पण डिझेलच जातं, खाली उतरलं की इंजिन एअर घेतं. बाहेर एक थेंब गळत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही.

पाइप बदलला, संध्याकाळी पाव टाकीवर ट्रायल घेतली, दोन्ही इंजिनांचा आवाज एक झाला. मालक आमच्यासमोर हात जोडून गेला आणि धक्क्यावर सांगितलं नवीन पंपानं काम झालं. बिल आजपर्यंत आलेलं नाही. लेथ मात्र वाचला, त्याच्यावरच आजही बुश बनतात.

ज्यांच्याकडे दोन इंजिनांची बोट आहे त्यांना सांगतो, पंपाला हात लावायच्या आधी आरपीएमचा मीटर खरा बोलतोय का ते पुलीला चमकपट्टी लावून टॅकोमीटरनं (फेरे मोजायचं यंत्र) बघा, थ्रॉटलची केबल इंजिनाकडून सोडून हातानं रेस देऊन बघा, बोटीखालच्या पंख्याला दोर किंवा जाळं गुंडाळलंय का बघा, टाकीचा व्हेंट, म्हणजे हवेची नळी, मोकळा आहे का बघा, नुसतं न्यूट्रलवर बघून पास करू नका, गिअर टाकून लोडवर न्या. आणि ट्रायल नेहमी कमी डिझेलवर घ्या. एक इंजिन नीट चालतंय ना, मग सगळ्यात मोठं टेस्टिंगचं हत्यार तेच, ह्याचं त्याला जोडा आणि बिघाड कुठे सरकतो ते बघा.

बाबा आता नाहीत. तो भोकाचा पाइप शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, ज्याला शंका असेल त्यानं येऊन बोट लावून बघावं. तांडेल काकांचा मुलगा आता बोट चालवतो, त्याचा फोन आला की नमस्काराच्या आधी सांगतो, "दादा, टाकी अर्धी आहे, फिल्टर कालच बदललाय, आता बोला."