ज्याचा त्याचा कंट्रोलर

पडद्यावर ‘सेव्ह’ असं एक बटण असतं. ते दाबलं की काहीतरी होतं. हे ‘काहीतरी’ नेमकं कुठल्या फाइलीत लिहिलंय, ते हुडकण्यात माझ्या नोकरीचा बराचसा वेळ जातो.

एक्स्ट जेएस हे माझं रोजचं फ्रेमवर्क, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी सॉफ्टवेअरं ज्यावर उभारतात तो तयार सांगाडा. नवीन लागलेल्या मुलांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. पण ऑफिसातल्या ऑफिसात वापरायची, ग्रिड (म्हणजे तक्ते) आणि फॉर्मांनी गच्च भरलेली सॉफ्टवेअरं अजून त्यावर चालतात. यात दिसण्याचं काम कंपोनंटचं, म्हणजे बटण, ग्रिड, फॉर्म अशा पडद्यावरच्या एकेका भागाचं, आणि बटण दाबल्यावर काय करायचं ते बघणार कंट्रोलर. ही वाटणी तशी जुनी. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात पाहुणा म्हणून गेलेल्या त्रिग्वे रीन्सकॉग या नॉर्वेजियन संशोधकाने 1979 साली ती लिहून काढली.

काम वाटून झालं, पण कंट्रोलरने राहायचं कुठे? एक्स्ट जेएसच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे 2011 साली, कंट्रोलर हा तलाठ्यासारखा होता. चार गावांना मिळून एक, आणि बसायचा पाचव्याच ठिकाणी. ॲप सुरू होताना जन्माला यायचा आणि ॲप बंद होईपर्यंत टिकायचा. बटणाशी त्याची ओळख पत्त्यावरून: ‘विद्यार्थी फॉर्ममधलं, ज्याची ॲक्शन सेव्ह आहे ते बटण’. हा पत्ता जुळणारं बटण कुठेही दाबलं गेलं की धावणार हाच.

एकच फॉर्म उघडा असेल तोवर सगळं सुरळीत. पण अर्ज तपासणाऱ्या बाई एकाच फॉर्मवर थांबतील कशाला? त्या एका टॅबमध्ये पाटील उघडतात, दुसऱ्यात जोशी. जोशींचे गुण भरून सेव्ह दाबतात. कंट्रोलर फॉर्म मागतो आणि त्याच्या हाती येतो सगळ्यात आधी सापडलेला, लक्षात ठेवलेला फॉर्म. म्हणजे पाटलांचा. सेव्ह होतात पाटील, जोशी कोरेच. बाई तक्रार करतात. टेस्टर एकच टॅब उघडून बघतो आणि ‘आमच्याकडे तर नीट चालतंय’ असं लिहून तक्रार बंद करून टाकतो. बाईंना वेड लागायची पाळी येते.

2014 साली पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत व्ह्यू कंट्रोलर. (डेफ्ट जेएस ही एक्स्ट जेएसला जोडायची जादा लायब्ररी वापरणारे तेव्हा मनातून हसले असतील, त्यांनी चौथ्या आवृत्तीतच ही सोय करून घेतली होती.) आता कंपोनंटमध्ये एक ओळ लिहायची, ‘कंट्रोलर: विद्यार्थी’, की झालं. दोन टॅब उघडले तर फॉर्म दोन आणि कंट्रोलरही दोन. पाटलांच्या कंट्रोलरला जोशींचा फॉर्म दिसतच नाही. टॅब बंद केला की फॉर्म जातो, त्याच्याबरोबर त्याचा कंट्रोलरही जातो. मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे जाणंच. मागे कान देऊन बसलेलं कुणी उरत नाही.

बटणाच्या कोडमध्ये फक्त, दाबल्यावर चालवायच्या फंक्शनचं नाव लिहायचं, तेही अवतरणचिन्हांत. फ्रेमवर्क बटणापासून, ते ज्या ज्या भागाच्या पोटात आहे त्या भागांतून, वर वर चढत जातं आणि पहिला जो कंट्रोलर भेटेल त्याच्याकडे ते फंक्शन मागतं. त्याच्याकडे नसेल तर आणखी वर जाऊन चौकशी करायची पद्धत नाही, सरळ एरर. मेख इथेच आहे. एखादा उत्साही माणूस मधल्या पॅनेललाही स्वतःचा कंट्रोलर जोडून देतो, आणि काल चालणारं बटण आज चालेनासं होतं. बटणाला तर कुणी हातही लावलेला नसतो! शिवाय नावात एक अक्षर चुकलं तरी पान उघडताना कुणी हूं की चूं करत नाही. बटण दाबल्यावरच कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या एरर दाखवणाऱ्या खिडकीत, लाल ओळ उमटते.

म्हणून दिसेल त्या कंपोनंटला कंट्रोलर जोडत सुटणं मला पटत नाही. जे एकसंध उघडतं आणि एकसंध बंद होतं, त्याला एक द्यावा. आतली ग्रिड दुसऱ्या स्क्रीनवरही वापरायची असेल तर तिला वेगळा द्यावा, आणि तिने वरच्याशी बोलायचं ते इव्हेंट पाठवून, म्हणजे ‘अमुक घडलं’ एवढंच कळवून. परस्पर वरच्याच्या फॉर्ममध्ये हात घालायचा नाही. जुन्या पद्धतीचा ॲपभरचा कंट्रोलर पाचव्या आवृत्तीनेही काढून टाकला नाही, ते बरंच केलं. लॉगिन, सेशन संपल्याची सूचना, असली कुठल्याच एका स्क्रीनची नसलेली कामं आम्ही अजून त्याच्याकडेच ठेवली आहेत.