परमिट दाखवा!

परमिट रूमची पाटी वाचून आत येणाऱ्या शंभर जणांतल्या दोघांना तरी परमिट म्हणजे नेमकं काय ते माहीत असेल का, मला डाऊट आहे. मी नाशिक जिल्ह्यात अशाच एका ठिकाणी मॅनेजर आहे, गावाचं नाव राहूद्या कारण शेठ मोबाईलवर सगळं वाचत बसतात.

तर आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. म्हणजे कागदावर महाराष्ट्रात दारूबंदीच आहे, आणि प्यायची तर सरकारची परवानगी लागते. एक दिवसाचं परमिट विदेशीला ५ रुपये, देशीला २, वर्षाचं १०० आणि आयुष्यभराचं १०००. दारू विकायला लायसन पाहिजे हे समजू शकतो, पण पिणाऱ्या मोठ्या माणसालापण वेगळं लायसन! बरं हे पाळतं कोण, तर कुणीच नाही. आमच्या काउंटरखाली परमिटची पुस्तकं पडून असतात, गर्दीच्या टायमाला लिहायला वेळ कुणाला, मग रात्री हिशोब झाल्यावर वेटर बसतो आणि त्याच चार आडनावांची आलटून पालटून पानं भरतो. धंद्यात सगळ्यांना माहीत आहे हे, एक्साईज खात्यालापण.

पण मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी खात्याची गाडी आली. वरून टार्गेट आलं असेल नायतर कुणाचा तरी फोन, ते आपल्याला कधी कळत नाही. हॉल फुल होता, साहेब आत आले आणि थेट टेबलाटेबलावर जाऊन परमिट दाखवा म्हणायला लागले. लोकांना वाटलं आधार कार्ड मागतायत, एकाने तर लायसन काढून दिलं गाडीचं, साहेब म्हणाले हे नको, दारू प्यायचं दाखव, तर तो म्हणतो तसलं पण असतं का.

खिडकीजवळच्या टेबलावर आमचे गुरुजी होते. रिटायर्ड हेडमास्तर, शनिवारी संध्याकाळी येणार, एक नाईन्टी, सोबत मसाला पापड, पेपरातलं शब्दकोडं सोडवणार आणि साडेआठला घरी. कधी आवाज नाही की उधारी नाही. साहेबांनी त्यांनापण विचारलं. मी धावत पुस्तक घेऊन गेलो, म्हणलं गुरुजी सही करा फक्त. पण मास्तर ते मास्तर, वाचल्याशिवाय सही करणार नाहीत. चष्मा वर केला आणि वाचायला लागले, तर त्यात लिहिलेलं, आरोग्याच्या रक्षणासाठी परवाना. ते साहेबांकडे बघून शांतपणे म्हणाले, "साहेब, माझ्या डॉक्टरने तर तब्येतीसाठी सोडा म्हणून सांगितलंय, आणि सरकार म्हणतंय तब्येतीसाठी घ्या. ऐकू कुणाचं?" हॉलमध्ये असा हशा झाला की काय सांगू, साहेबांच्या बरोबरचा शिपाई पण तोंड फिरवून हसत होता. ही भानगड जुनी आहे. कायदा नवा होता तेव्हा डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवूनच परमिट मिळायचं, ते सर्टिफिकेट गेलं पण आरोग्य तसंच फॉर्मवर राहिलं.

हसल्यामुळे साहेब जास्त तापले असावेत, कारण पुढच्या टेबलावर त्यांनी वय विचारलं. बियर आणि वाईनला २१ पूर्ण लागतं आणि व्हिस्की, रमला २५. तिथे बसलेला पोरगा २४ चा, आणि तो कोण तर शेजारच्या गावचा ग्रामपंचायत सदस्य. लग्न झालेलं, एक मुलगी आहे. समोर व्हिस्कीचा पेग. तो म्हणाला, "भाऊसाहेब, गावाच्या विकासनिधीच्या ठरावाला मी मत देतो, उद्या सरपंच झालो तरी चालतंय, आणि हा ग्लास चालत नाही?" नियमाने नाहीच चालत. साहेबांनी वेटरला ग्लास उचलायला लावला आणि त्याच्यासमोर बियर ठेवायला सांगितली, म्हणजे दारू सोडायची नाही, ब्रँड बदलायचा!

माझं म्हणणं उगाच ताणू नका. पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडा, अगदी आमच्या गेटवर उभं राहून पकडा. २०१७ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही हा नियम लागू झाला तेव्हा आमच्या लाईनीतल्या पुष्कळ जणांचा धंदा बसला, तरी त्यामागचं कारण डोक्यात शिरत होतं. आणि गावातल्या बायका मतदानाला उतरून आडवी बाटली करतात, म्हणजे दारू बंद करा म्हणून मत देतात, निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद, तेपण मी मानतो, कारण ज्यांच्या घरात दारूने वाटोळं झालं त्यांनाच तिथे विचारलंय. पण शब्दकोडं सोडवणाऱ्या म्हाताऱ्याला पाच रुपयाच्या चिठ्ठीसाठी भर हॉलमध्ये उभं करायचं, यात कुणाचं काय भलं झालं ते मला अजून समजलेलं नाही. एवढंच झालं की सगळे जण कागदावर गुन्हेगार आहेत, आणि कुणाला पकडायचं ते त्या दिवशी गाडीतून उतरणारा ठरवणार.

केस शेवटी आमच्यावरच झाली, रजिस्टर अपूर्ण म्हणून. गिऱ्हाईकांना सोडलं. शेठनी दंड भरला आणि दुसऱ्या दिवसापासून ऑर्डर काढली, परमिट फाडल्याशिवाय पेग भरायचा नाही, आणि कमी वयाचा वाटला की आधार बघायचा. सदस्य आणि त्याची दोस्तमंडळी आता वाईन शॉपवरून कुणाकडून तरी क्वार्टर मागवतात आणि कॅनॉलच्या कडेला गाडी लावून पितात, नंतर तीच गाडी चालवत घरी जातात. गुरुजींनी मात्र आयुष्यभराचं परमिट काढलं, हजार रुपये भरून, आणि प्लॅस्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवलंय. बाकी गिऱ्हाईक रोज बिलावर भांडतं, हे पाच रुपये कसले लावले म्हणून, आणि मी रोज रात्री तेच १९४९ पासून सांगत बसतो.